अवलियाचे अर्धे नाव

मराठ्यांच्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी चाळीत असता मालोजी, विठोजी, खेलोजी, परसोजी, मंबाजी अशी एका साच्यातून काढल्यासारखी नावे एकामागून एक डोळ्यांखालून जात राहतात आणि वाचणाऱ्याला त्यांची इतकी सवय होऊन जाते, की भोसल्यांच्या वेलीवर शहाजींच्या शेजारी शरीफजी हे नाव आले म्हणजे नजर तेथे अडल्यावाचून राहत नाही. शहाजी हे नाव आपल्या परिचयाचे. शाळेच्या पहिल्या धड्यापासून ते कानांवर पडलेले, आणि आजही गावोगावच्या पंचायतीत, तालमीत, साखर कारखान्याच्या सभासदांच्या यादीत ते धारण करणारी माणसे सापडतात. शरीफजी मात्र कोठेही सापडत नाही. एका आईच्या पोटी, एकाच नवसाने आणि एकाच अवलियाच्या नावाने जन्मलेल्या या दोन भावांपैकी एकाचे नाव महाराष्ट्रभर पसरावे आणि दुसऱ्याचे त्याच्या देहाबरोबर रणांगणावर पडून राहावे, हा नुसता दैवाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा विषय नव्हे. कारण ते पडलेले नाव पुढे शेकडो कोसांवर, कावेरीच्या काठी, निराळा वेष धारण करून पुन्हा उभे राहिले, दोन वेळा सिंहासनावर बसले, आणि ज्या अवलियापासून ते निघाले त्याची आठवण जपणारे ग्रंथालयही त्याच नावाने प्रसिद्ध झाले.

वेरूळच्या बाबाजी भोसल्यांचे मालोजी आणि विठोजी हे दोन पुत्र निजामशाहीत शिलेदारी करून नावारूपास आले. विठोजींना आठ मुलगे झाले. पण थोरल्या मालोजींचे घर पुष्कळ वर्षे रिकामे राहिले. मालोजींच्या पत्नी उमाबाई या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या कन्या. धाकट्या जावेच्या अंगणात आठ पोरांचा गलबला आणि आपल्या घरी पाळणा नाही, हे दुःख त्या काळच्या एका सरदारपत्नीस कसे झोंबत असेल याची कल्पना करण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. वतन कोणाला जावयाचे, नाव कोणी चालवावयाचे, पितरांना पाणी कोणी द्यावयाचे, हे सारे प्रश्न त्या एका रिकाम्या पाळण्याशी बांधलेले असत. देवदेव झाले, व्रतवैकल्ये झाली, आणि अखेर अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील शाह शरीफ नावाच्या पीराला नवस केला गेला. या अवलियाचा दर्गा नगरलगतच्या दर्गादायरा या गावी आहे. गावाचे नावच त्याच्या दर्ग्यावरून पडलेले. सोळाव्या आणि सतराव्या शतकांच्या संधिकाळी केव्हा तरी उमाबाईंना पहिला पुत्र झाला, त्यामागून दुसरा झाला, आणि नवस फेडताना आईबापांनी त्या अवलियाचे नाव मधोमध विभागून थोरल्याला शहाजी आणि धाकट्याला शरीफजी असे म्हटले.

नाव विभागून देण्याच्या या कृतीत एक हृद्य हिशेबीपणा आहे, आणि तो मला नेहमी फार मोलाचा वाटत आला आहे. एका मुलाला पीराचे नाव देऊन दुसऱ्याला कुळातल्या एखाद्या आजोबा-पणजोबाचे नाव ठेवले असते तरी नवस फिटलाच असता. पण दान एकाचे आणि मुलगे दोन. तेव्हा दात्याचे नाव दोघांवर मिळून पुरे झाले पाहिजे, दोघे भाऊ जवळ उभे राहिले म्हणजे त्या सत्पुरुषाच्या नावाचा उच्चार आपोआप व्हावा, अशी ही योजना. घरातल्या कोणी 'शहाजी, शरीफजी' अशी एका दमात हाक मारली की ती हाक आणि पीराचे नाव एकच होत असे.

या दोन शब्दांची कुळे भिन्न आहेत. 'शाह' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ राजा. परंतु निजामशहा, आदिलशहा यांच्या नावांतला शहा आणि शाह शरीफ या नावातला शाह यांत गल्लत होऊ देता कामा नये. सूफी संतांना 'शाह' म्हणण्याची रीत पार इराणापासून दख्खनपर्यंत रूढ होती, आणि तीमागची भावना अशी, की ज्याने सर्व कामनांचा त्याग केला तोच खरा अधिपती. म्हणजे शहाजी या नावात जो राजेपणा आहे तो मुळात तख्ताचा नसून फकिरीचा आहे. 'शरीफ' हा अरबी शब्द. 'शरफ' म्हणजे मान, प्रतिष्ठा, आणि शरीफ म्हणजे थोर कुळीचा, उदात्त, सन्मान्य. अरबस्तानात पैगंबरांच्या वंशजांना हे उपपद लावीत आणि मक्केच्या अधिपतींना शतकानुशतके शरीफ हीच पदवी होती. आपल्या बोलीत शरीफ माणूस, शराफत हे शब्द त्याच मुळावरचे. सोन्याचांदीची पेढी चालविणारा सराफ मात्र निराळा. त्या शब्दातील वर्णही निराळे आणि धातूही निराळा, आणि सरफोजी या पुढच्या रूपावरून जे कोणी सराफीशी संबंध जोडू पाहतात ते केवळ कानाच्या साक्षीवर चालतात.

हिंदू घरात पीराच्या नावाने मुलाचे नाव ठेवावे हा प्रकार भोसल्यांच्या घरापुरता नव्हता. नवसाने झालेल्या मुलाला ज्याने दिले त्याचे नाव द्यावयाचे, ही आपल्याकडील जुनी वहिवाट. खंडोबाने दिला तो खंडू, म्हसोबाने दिला तो म्हसू, आणि पीराने दिला तो पिराजी. पिराजी हे नाव देशावर इतके रुळले, की त्यात पीर आहे हेदेखील कोणाच्या ध्यानात येत नाही. फकिरा, फकीरराव ही नावे घ्या. दावल मलिकाच्या भक्तीतून आलेले दावलजी घ्या. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या थोरल्या मुलाचे सेखोजी हे नाव घ्या, ज्यात 'शेख' स्पष्ट उभा आहे. यांच्या जोडीस सुलतानजी, हैबतराव, रुस्तुमराव, सर्जेराव ही दरबारी वाऱ्यावर आलेली नावे ठेवली तर फारसी-अरबी शब्दांच्या मागे जी, राव लावून त्यांना मराठी करून घेण्याची एक टांकसाळच त्या दोन शतकांत चालू होती असे दिसते. फरक एवढाच, की हैबतराव किंवा रुस्तुमराव यांत दिमाख आहे, पराक्रमाची आकांक्षा आहे. पिराजीत, शरीफजीत कृतज्ञता आहे. पहिल्या जातीची नावे दरबाराकडे पाहून ठेवलेली, दुसऱ्या जातीची देव्हाऱ्याकडे पाहून.

आणि ही देवघेव एकमार्गी नव्हती. मालोजी ज्या निजामशाहीची चाकरी करीत होते तिच्या राजघराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन बहिरी हा जन्माने ब्राह्मण. विजयनगरच्या स्वारीत बहमनी फौजेच्या हाती लागलेला तिमाप्पा नावाचा मुलगा. त्याच्या बापाचे नाव भैरव. त्या नावाचा उच्चार बहमनी राजपुत्राच्या जिभेवर बसेना, तेव्हा भैरूचे बहिरी झाले, आणि बहिरी म्हणजे ससाणा असा आयता फारसी अर्थही त्याला मिळाला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. त्याचा मुलगा मलिक अहमद याने निजामशाही स्थापिली आणि नगर वसविले. ज्या राजघराण्याच्या उपनामात भैरव दडून बसला होता, त्याच्याच एका सरदाराच्या वंशात शरीफ यावा आणि पुढे त्या शरीफाचेही असेच काही व्हावे, हा योगायोग पुढे पुन्हा आठवावा लागणार आहे.

मालोजी शैव. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला; शिखर शिंगणापूरला शंभुमहादेवाच्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत ते पाहून तेथे तलाव बांधविला; आणि श्रीगोंद्यास, तेव्हाच्या चांभारगोंद्यास, 'योगसंग्राम' लिहिणारे संत शेख महंमद यांना आश्रय दिला. ज्यांनी ही तिन्ही कामे केली त्यांना शाह शरीफांचा नवस करताना आपण काही वेगळे करीत आहो असे वाटण्याचे कारणच नव्हते. पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेने संस्कृतात 'शिवभारत' रचणारे कवींद्र परमानंद हे नगर प्रांतातील नेवाशाचे. त्यांनी उमाबाईंच्या नवसाची हकीकत आपल्या महाकाव्यात आडपडदा न ठेवता सांगितली आहे. म्लेच्छ म्हणून ज्यांच्याशी लढावयाचे त्यांची सत्ता निराळी आणि ज्याच्या कृपेने कूस उजवली तो सत्पुरुष निराळा, हा विवेक त्या कवीला होता, आणि ज्यांच्या दरबारात ते काव्य वाचले गेले त्यांनाही होता. आज काही मंडळी या हकीकतीने संकोचतात आणि दुसरी काही मंडळी तिचा उपयोग पताकेसारखा करतात. पण ज्या आईने नवस केला तिच्या मनात संकोचही नव्हता आणि पताकाही नव्हती, तिला मूल हवे होते आणि ते मिळाल्यावर ज्याचे त्याला देणे फेडावयाचे होते.

शरीफजींच्या आयुष्याची माहिती थोडी आहे, आणि जी आहे ती एका लढाईभोवती गोळा झालेली आहे. इंदापूरच्या लढाईत मालोजी पडले तेव्हा दोघे भाऊ लहान होते. चुलते विठोजींनी त्यांचा सांभाळ केला. दोघेही निजामशाहीच्या फौजेत वाढले आणि मलिक अंबरच्या हाताखाली लढले. १६२४ मध्ये विजापूरची आदिलशाही फौज आणि मोगल फौज यांनी मिळून नगरकडे मोर्चा वळविला, तेव्हा मलिक अंबरने नगरपासून काही कोसांवरील भातवडीच्या परिसरात शत्रूला ओढून घेतले, तलावाचे पाणी सोडून त्याच्या छावणीत चिखलराड केली, रसद तोडली, रात्री-अपरात्री छापे घालून त्याला जेरीस आणले, आणि शेवटी त्याचा पूर्ण मोड केला. आदिलशाहीचा सेनापती मुल्ला महंमद लारी तेथे मारला गेला. या विजयाने शहाजींचे नाव सर्व दख्खनभर झाले. परंतु शरीफजी त्याच रणात कामास आले. त्यांची समाधी भातवडीस आहे. नगरच्या पीराच्या नावाने ज्याचा जन्म साजरा झाला त्याचा देह नगरच्याच भूमीवर पडला. पाळण्यातले नाव जेथून आले आणि समाधीवरचे नाव जेथे राहिले त्या दोन ठिकाणांमध्ये घोडेस्वाराची थोडक्या घटकांची वाट.

शहाजींच्या नावाचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे, तरी त्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेत आपला परिचय 'शाहसूनोः' या पदाने दिला आहे. फारसी 'शाह' आणि संस्कृत 'सूनु' यांचा समास करून त्याला षष्ठीचा प्रत्यय लावताना मुद्रा रचणाऱ्या पंडिताची लेखणी जराही अडखळलेली नाही; स्वराज्याच्या प्रत्येक कागदावर उमटणाऱ्या त्या ठशात एका नवसाच्या नावाचा पूर्वार्ध कायमचा कोरला गेला. पुढे १६८२ साली संभाजी महाराजांना पुत्र झाला, त्याचे नाव शिवाजी ठेवले, आणि मोगलांच्या कैदेतून तो परतला तो शाहू म्हणून. औरंगजेबाने त्याला साव म्हटले, त्यावरून शाहू झाले, अशी एक कथा पुष्कळ दिवस चालत आली आहे. पण ज्या घरात पणजोबा शहाजी होते त्या घरच्या मुलाला लाडाने शाहू म्हणण्यासाठी बादशहाच्या तोंडाची काय गरज होती, असे मला वाटते. साताऱ्यास आणि कोल्हापुरास शहाजी व शाहू ही नावे आलटून-पालटून गादीवर येत राहिली. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीस दत्तक गेले आणि शाहू झाले, तेव्हा कागलास मागे राहिलेल्या त्यांच्या भावाचे नाव पिराजीराव होते, ही बाब या प्रकरणात आवर्जून नोंदविण्यासारखी आहे. शरीफजी मात्र साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या छत्रपतींत एकही झाला नाही.

ते नाव दक्षिणेने उचलले. शहाजीराजे बंगळुरास जाऊन राहिले आणि त्यांचे धाकटे पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणत, यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. नायकांचे राज्य मोडलेले, मुलूख सुपीक, कावेरीचे पाणी बारमाही, आणि भाषा तेलुगू व तमिळ. या परक्या प्रदेशात व्यंकोजींनी आपल्या तीन मुलांची नावे शहाजी, सरफोजी आणि तुकोजी अशी ठेवली. आजोबाचे नाव नातवाला देणे ही आपली रीतच. पण थोरल्याला शहाजी म्हटल्यावर त्याच्या पाठच्याला शरीफजींचे नाव दिले गेले, हे केवळ रीतीने घडले असे मी मानीत नाही. भातवडीला पडलेला चुलता, ज्याला व्यंकोजींनी डोळ्यांनी पाहिलेले असणेच शक्य नव्हते, त्याचे नाव आणि त्याची जागा घरात कोणी तरी सांगत आले असले पाहिजे. ही जोडी एकत्रच बोलावयाची असते, एक भाऊ आला की दुसरा आलाच पाहिजे, हे घरातल्या बायकांच्या तोंडून पिढीकडून पिढीला पोचले असले पाहिजे. नवसाचे नाव पुरुष ठेवीत असतील, परंतु नवसाची आठवण बायकाच ठेवतात. अशा रीतीने १६८४ ते १७१२ शहाजी आणि १७१२ ते १७२८ सरफोजी असे दोन भाऊ लागोपाठ तंजावरच्या गादीवर बसले, आणि शाह शरीफांचे नाव, नगरापासून इतक्या दूर, दुसऱ्यांदा पुरे झाले.

शरीफजीचा सरफोजी कसा झाला हे पाहणे मनोरंजक आहे. मालोजी, विठोजी, एकोजी, तुकोजी या नावांत मूळ शब्द आणि जी यांच्यामध्ये एक 'ओ' येऊन बसतो, आणि त्याच्या भाराने मागचा स्वर आखडतो. मराठी जिभेला शरीफजीपेक्षा शरफोजी सोपे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नसे आणि श-स यांच्या बाबतीतही तो सढळ हाताने वागे, म्हणून एकाच दप्तरात शरीफजी, सरीफजी, शरफोजी, सरफोजी अशी रूपे भेटली तरी चकित होण्याचे कारण नाही. पण तमिळ मुलखात या नावावर आणखी एक संस्कार झाला. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चारींना मिळून एकच अक्षर. आणि ते दोन स्वरांच्या मध्ये आले म्हणजे त्याचा उच्चार बकाराकडे झुकतो. फ हा अरबी वर्ण त्या लिपीला परकाच. तेव्हा सरफोजी लिहिले की प्रजेच्या तोंडी ते सरबोजी होणार, हे ठरलेलेच होते. आणि सरबोजी कानावर पडताच दरबारातल्या संस्कृत पंडिताला त्यात शरभ ऐकू आला.

शरभ कोण? हिरण्यकशिपूचा वध करूनही नृसिंहाचा क्रोध शमेना, त्रैलोक्य जळू लागले, तेव्हा त्याला आवरण्यासाठी शंकरांनी जे रूप घेतले ते शरभ. सिंहाचे धड, पक्ष्याचे पंख, आठ पाय. चोळांच्या देशात या रूपाचे माहात्म्य मोठे. कुंभकोणमजवळ त्रिभुवनम येथे तिसऱ्या कुलोत्तुंगाने बांधलेल्या मंदिरात शरभेश्वराचे स्वतंत्र स्थान आहे आणि भक्तांची रीघ तेथे आजही असते. आपल्याकडे देवळांत शरभाची पूजा विरळ. पण महाराष्ट्रातल्या कित्येक गडांच्या दरवाजांवर पंजात हत्ती धरलेला शरभ कोरलेला दिसतो, म्हणजे मराठी राजवंशाला तो अपरिचित नव्हता. शैव घराणे, शैव देश, आणि मधोमध हे शिवाचे उग्र रूप. नावाला याहून अनुकूल भूमी कोणती मिळणार होती? शरफोजीचे शरभोजी झाले, शरभोजीचे शरभराज झाले, आणि काव्याच्या आवश्यकतेप्रमाणे त्याला इंद्र जोडून शरभेंद्र झाले. पहिल्या सरफोजींवर 'शरभराजविलास' हे संस्कृत काव्य लिहिले गेले. त्याआधी त्यांच्या वडील बंधूंवर श्रीधर वेंकटेशांनी 'शाहेंद्रविलास' लिहिले होते. शाह आणि इंद्र यांचा गुणसंधी 'शाहेंद्र', शरीफ आणि इंद्र यांचा, मध्ये एक पायरी चढून, 'शरभेंद्र'. भैरूचा बहिरी झाला होता, आता शरीफाचा शरभ झाला. नगरच्या तख्ताने जे घेतले होते ते कावेरीने जणू उलट दिशेने परत केले.

हे शरीफाचे शरभात झालेले रूपांतर म्हणजे मूळ झाकण्याचा प्रयत्न होता काय, असा प्रश्न कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. झाकावयाचे असते तर नाव बदलणे हा साधा मार्ग होता. राजपुत्रांना नावे काय थोडी होती! येथे नाव तेच राहिले, घरात मराठीत सरफोजीच म्हणत राहिले, आणि पंडितांनी आपल्या भाषेत त्याला मानाचे वस्त्र पांघरले, जसे कोणत्याही पाहुण्याला पांघरतात. त्याच तंजावरात शहाजींनी तिरुविशनल्लूर हे गाव विद्वान ब्राह्मणांना अग्रहार म्हणून इनाम दिले, आणि त्या वेदशास्त्रसंपन्न मंडळींनी आपल्या गावाला शाहजीराजपुरम म्हणण्यात कसलाही कमीपणा मानला नाही. ज्यांना 'शाह' खुपला नाही त्यांना 'शरीफ' का खुपावा?

या नावाला खरी कीर्ती मिळवून दिली ती दुसऱ्या सरफोजींनी. १७७७ मध्ये जन्मलेल्या या मुलाला तंजावरच्या तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या आधी थोडेच दिवस, दत्तक घेतले. पण गादी तुळजाजींचा सावत्र भाऊ अमरसिंग याने घेतली आणि सरफोजी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या पंखाखाली वाढले. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने कंपनी सरकारने राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. राजाकडे किल्ला, नेमणूक आणि मान तेवढा उरला. मुलूख गेलेल्या राजाने काय करावे, याचे जे उत्तर सरफोजींनी दिले ते हिंदुस्थानच्या संस्थानी इतिहासात फारच थोड्यांनी दिले. त्यांनी ग्रंथ जमविले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्यांबरोबर युरोपातून छापील पुस्तके मागविली. १८२० ते १८२२ या काळात प्रचंड परिवारासह काशीयात्रा केली तेव्हा येताना तीर्थाच्या कावडींबरोबर पोथ्यांचे गठ्ठे आणले. 'नवविद्याकलानिधी' नावाचा देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, आणि तेथे १८०६ साली सक्खण पंडितांनी केलेले इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' म्हणून छापले गेले. पुण्यामुंबईस मराठी छपाई रुजण्यापूर्वी कावेरीकाठी मराठी मुलांसाठी मराठी पुस्तक छापले गेले, हे आपल्याकडे अजूनही म्हणावे तसे कोणी सांगत नाही. धन्वंतरी महालात वैद्य आणि डॉक्टर शेजारी बसून औषधे सिद्ध करीत, आणि राजाने जातीने पाहिलेल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह लिहून ठेविल्या जात. तेथील तमिळ वैद्यकसंग्रहास पुढे 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' हे नाव मिळाले, आणि त्यांच्यावर लिहिलेले 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ नृत्यनाट्य बृहदीश्वराच्या मंदिरात नर्तकी सादर करीत.

त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर या कथेचा एक मोठा दस्तऐवज आहे. राजराज चोळाने उभारलेल्या त्या देवालयाच्या प्राकारात १८०३ साली सरफोजींनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरविला. 'भोसले वंश चरित्र' म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि मराठीत इतका विस्तृत शिलालेख दुसरा शोधावा लागेल. कागद कंपनीच्या हाती, खजिना कंपनीच्या हाती, तेव्हा आपण कोण हे दगडावर लिहून ठेवावे अशी त्या राजाची भावना असेल. त्या वंशकथेत मालोजींच्या मागून शहाजी येतात, शरीफजी येतात, व्यंकोजी येतात, आणि वंशाचा प्रवाह लेख कोरविणाऱ्या सरफोजींपर्यंत येऊन पोचतो. पंडितांनी राजाला शरभेंद्र म्हटले ते काव्यात. घरचे नाव कोठून आले हे सांगावयाचे तेव्हा राजाने मालोजींच्या मुलांपासूनच सुरुवात केली. चोळांच्या शिवालयाची भिंत, मराठी भाषा, आणि नगरच्या पीराने दिलेल्या दोन मुलांची नावे. त्या ओवरीतून चालत जाणाऱ्या मराठी माणसाने तेथे थोडा वेळ थांबावे एवढीच माझी विनंती आहे.

१८३२ मध्ये सरफोजी वारले, त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून गेले आणि राज्याचे नावही संपले. पण राजाचे नाव तमिळ मुलखाने टाकले नाही. पट्टुक्कोट्टैच्या बाजूस समुद्रकाठी शरभेंद्रराजपट्टणम नावाचे गाव आहे आणि त्याच्या जवळच नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजींनी बांधलेला मनोरा उभा आहे. तंजावरच्या सरकारी महाविद्यालयाला राजा सरफोजींचेच नाव आहे आणि शेकडो तमिळ मुले रोज ते नाव सरबोजी असे सहज उच्चारून वर्गात जातात. महाराष्ट्रात मात्र आज बारशाच्या वेळी कोणा मुलाचे नाव सरफोजी ठेवलेले माझ्या कानांवर आलेले नाही, आणि शरीफजी तर वंशावळीच्या कागदाबाहेर पडतच नाही. पिराजीही आता आजोबांच्या पिढीत राहिला. शहाजी तेवढा टिकून आहे, पण त्याची जोडी फुटली आहे, आणि जोडी फुटल्यामुळे ते नाव कोणाचे अर्धे आहे याचाही विसर पडला आहे.

तंजावरच्या राजवाड्यातील दरबार दालनात सरफोजींचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा उभा आहे. त्याच वाड्यात त्यांच्या नावाने चालणारे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्यात एकट्या मराठीची हस्तलिखिते तीन हजारांच्या घरात आहेत आणि मोडी कागदांचे रुमाल त्याखेरीज निराळे. कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' महाराष्ट्रात लोक विसरून गेले होते. त्याची पोथी या ग्रंथालयातून पुढे आली, सदाशिव महादेव दिवेकरांनी ती संपादून १९२७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि उमाबाईंनी शाह शरीफांना केलेला नवस परमानंदांच्या शब्दांत तेव्हा आपल्याला पुन्हा वाचावयास मिळाला.